सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बर्फात चालायचं असेल तर

ठाण्याच्या एका आईने विचारलं आहे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, सोबत नवरा आणि एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई. मुलांनी राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई केले आहेत. नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडातला केदारकंठा हा डोंगर करू, असं घरात चाललंय, पण धाकट्याची धास्ती वाटते. मुलांना बर्फात न्यावं का, कुठे न्यावं, कपडे कोणते घ्यावेत आणि एवढं जाऊन बर्फच मिळाला नाही तर काय, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, मुलांना जरूर न्या. पण या वर्षी केदारकंठा नको. त्याऐवजी सारी गावातून देवरिया ताल या डोंगरातल्या तळ्यापर्यंत जा, नाताळऐवजी जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारी धरा, आणि दुपारी एक वाजला की असाल तिथून माघारी वळा. वीस वर्षं मी उत्तराखंडातल्या गढवाल भागात कुटुंबांना घेऊन जातोय, आणि तुमच्या घरासाठी माझं उत्तर एवढंच आहे. आता त्यामागची कारणं सांगतो.

केदारकंठा सुरेखच आहे. सांक्री गाव साधारण १,९५० मीटरवर, माथा ३,८०० च्या आसपास, मध्ये जुडा का तालाव आणि गर्द रान. दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलीला घेऊन जाल तेव्हा तिला तो आयुष्यभर आठवेल. अडचण आहे ती माथ्याच्या दिवसाची. तीन हजार मीटरच्या वर तंबूत झोपायचं, पहाटे तीनच्या सुमारास उठायचं, दगडासारख्या कडक झालेल्या बुटांत पाय कोंबायचे आणि हेडटॉर्चच्या उजेडात काही तास चढायचं. सुट्टीच्या दिवसांत या वाटेवर रांग लागते. मोठा माणूस चढताना गरम राहतो आणि रांगेत थांबला तरी थोडा वेळ तग धरतो. सहा वर्षांचं मूल पाच मिनिटं उभं राहिलं की कुडकुडायला लागतं. मग त्याला घेऊन एकाने खाली यायचं, दुसऱ्याने मुलीबरोबर वर जायचं, म्हणजे अंधारात कुटुंबाचे दोन तुकडे. हे मी होऊ देत नाही.

तुमच्या मुलांनी गड केलेत, त्यामुळे त्यांचे पाय तयार आहेत यात शंका नाही. पण बर्फात पायांचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. राजगडावर दमलेलं पोर झाडाखाली बसवलं, लिंबूसरबत पाजलं की दहा मिनिटांत उड्या मारतं. बर्फात दमलेलं पोर बसवलं की त्याचं अंग गार पडत जातं. आपल्याकडे जो उपाय, तोच तिथे अंगाशी येतो. म्हणून बर्फाची सवय नसलेल्या मुलासाठी मी अशी वाट निवडतो, जिथून कुठूनही परत फिरलं तरी तासा-दीड तासात चुलीपाशी पोचता येईल.

देवरिया तालाची वाट तशी आहे. सारी साधारण २,००० मीटरवर. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे ज्या गावात तुम्ही रजई ओढून झोपाल ते गावच महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराहून साडेतीनशे मीटर वर आहे. तळं २,४३८ मीटरवर. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, चढ सुमारे साडेचारशे मीटरचा, वाट मळलेली, बरीचशी दगडांनी बांधलेली. वर बांज (तिकडचा ओक) आणि बुरांसची झाडी लागते. बुरांस म्हणजे तो लाल फुलांचा वृक्ष; बर्फात त्याची पानं मिटलेल्या छत्र्यांसारखी खाली लोंबतात, धाकट्याला दाखवा. विरळ हवेचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. रात्रीचा मुक्काम त्याच्या बराच खाली ठेवला की ती एक काळजी जवळपास संपते. तरी मूल अचानक चिडचिडं झालं, जेवेना, डोकं दुखतं म्हणालं किंवा उलटी झाली, तर ते नाटक करतंय असं समजू नका. खाली आणा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या मुलांना आपल्या मनाने देऊ नका. निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला.

जायचं कसं, तर ऋषिकेशहून देवप्रयाग, गढवालातलं श्रीनगर, रुद्रप्रयाग, मग मंदाकिनीच्या काठाने अगस्त्यमुनी, कुंड, उखीमठ आणि सारी. सुमारे दोनशे किलोमीटर आणि वळणं न संपणारी. मुलांना गाडी लागते. एका दिवसात हे ओढू नका, उखीमठला एक मुक्काम करा. ते १,३०० मीटरवर आहे, शरीराला उंची आणि थंडीची सवय होते. सासूबाईंची सोयही इथेच होईल. केदारनाथाची दारं हिवाळ्यात बंद झाली की त्याची पूजा उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात होते. केदारनाथची चढण आता गुडघ्यांना झेपणार नाही असं म्हणणाऱ्या कितीतरी आज्या मी या देवळात डोळे भरून उभ्या राहिलेल्या पाहिल्यात. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थंडीत ती चुकवू नका, आणि सारीत आल्याच तरी तळ्याची चढण त्यांनी करू नये. बर्फात घसरून खुबा मोडणं हा त्या वयात थंडीहून मोठा धोका.

आता महिना. गढवालात हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन अडतात. त्या कधी येतील याचं वेळापत्रक नसतं. २०२४ चा जानेवारी उत्तराखंड आणि हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला. त्याच महिन्याच्या मध्यावर गुलमर्गसुद्धा उघडंबोडकं होतं. म्हणून ‘बर्फाची हमी’ देणाऱ्या कोणाचंही ऐकू नका. २,४०० मीटरवर नाताळात बर्फ असेलच असं नाही, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत शक्यता बरीच वाढते. हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचा अंदाज निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा. ताजी हिमवृष्टी झाली की लगेच त्या मागे धावू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या. रस्ते मोकळे होतात, उतारांवरचा नवा बर्फ बसतो, आणि हिमवृष्टीनंतरचं पहिलं निरभ्र आकाश मिळालं तर चौखंबा शिखर समोर असं उभं राहतं की मुलं बोलायची थांबतात.

सगळ्यात जास्त वेळ मला थंडीबद्दल बोलायचंय, कारण बहुतेक घरं इथेच चुकतात.

मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त. त्यामुळे त्याची ऊब आपल्यापेक्षा भराभर निघून जाते. शिवाय खेळात रमलेलं मूल ‘मला थंडी वाजतेय’ असं सांगत नाही. ते सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो. ‘थंडी वाजतेय का रे?’ हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे, उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. मी विचारत नाही, तपासतो. दर अर्ध्या तासाने माझा हातमोजा काढून त्याच्या कॉलरच्या आत, मानेच्या मागे बोटं घालतो. मान कोरडी आणि उबदार असेल तर ठीक. ओलसर असेल तर कपडे जास्त झालेत, एक थर काढायचा. गार असेल तर लगेच थर चढवायचा, खायला द्यायचं आणि चालायला लावायचं. मग त्याला सांगतो, अंगठा करंगळीला लाव. हा खेळ मुलांना आवडतो. ज्याला तो जमत नाही त्याचे हात गारठलेत, आणि मग पुढे जाण्याचा विषय संपला.

गढवाली बोलीत उन्हाला ‘घाम’ म्हणतात. सकाळी अंगणात बसलेली म्हातारी माणसं म्हणतात, या, घाम तापा. आपली मुलं हे ऐकून खो खो हसतात. मी त्यांना तिथेच आजचा नियम सांगून टाकतो: त्यांच्या घामात राहायचं, आपला घाम येऊ द्यायचा नाही. चढताना अंगातला कपडा घामाने भिजला की थांबल्यावर तोच कपडा बर्फाच्या फडक्यासारखा पाठीला चिकटतो. म्हणून निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. चढ सुरू होण्याआधी जाकीट काढायचं, थांबण्याआधी घालायचं. थांबल्यावर थंडी वाजली म्हणून घालायचं हा क्रम उलटा आहे, तोवर ऊब गेलेली असते.

यावरून कपडे कळतील. अंगालगत सुती गंजी नको, सुती मोजे नकोत आणि जीन्स तर अजिबात नको. सूत पाणी धरून ठेवतं आणि तासन्‌तास वाळत नाही. अंगालगत थर्मल, त्यावर आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यांवर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, म्हणून घरातल्या जुन्या लोकरीच्या वस्तू कमी लेखू नका. पायात थर्मल पायजमा आणि वरून पाणी न शोषणारी पँट. डोक्याला कान झाकणारी कानटोपी. मफलर गळ्याला मोकळा गुंडाळू नका, खेळताना अडकतो. गळ्यात ओढून घ्यायची कापडी नळी मिळते ती बरी. मोठ्यांचे कपडे आखडून घातल्यासारखे नसावेत, पण धाकट्यासाठी दोन मापं मोठं जाकीटही नको. आत पोकळी राहिली की ती तापवायला त्याची ऊब पुरत नाही.

हातमोजे हा मुलांच्या बर्फातला सगळ्यात नाजूक भाग. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना तापवतात. ते वरून पाणी न शिरणारे हवेत. नुसते लोकरीचे मोजे बर्फाच्या गोळ्यांच्या खेळात पंधरा मिनिटांत चिंब होतात. प्रत्येक मुलामागे तीन जोड न्या: एक हातात, एक आईच्या जाकिटाच्या आतल्या खिशात गरम होत असलेला, एक पिशवीत. मोज्यांना दोरी लावून ती बाहीतून ओवा. हरवलेला एक मोजा अख्खा दिवस खातो.

हे मी का इतकं घोळवून सांगतोय, तर बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक फेब्रुवारी. सात वर्षांचा मुलगा, बाबा हौशी, मी सोबत. आम्ही वर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. बाबांना ढग सरायची वाट बघून फोटो काढायचे होते. मी वीस मिनिटं दिली, ती चाळीस झाली. मुलगा मजेत बर्फाचा बाहुला करत बसला होता. खाली यायला निघालो तेव्हा सूर्य डोंगराच्या धारेमागे गेला होता आणि वारा सुटला होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की हा मुलगा गप्प झालाय. सकाळपासून अखंड बडबड करणारा मुलगा. मग तो दोनदा अडखळला, आणि म्हणाला, काका, मला झोप येतेय. हातमोजे पिळले तर पाणी निघालं. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. बाबांना तिथेच जाकिटाची चेन उघडायला लावली आणि मुलाचे हात त्यांच्या काखेत घातले. मी त्याचे बूट काढून पाय माझ्या पोटाशी धरले. कोरडे मोजे, कोरडी टोपी, फ्लास्कमधलं गूळ घातलेलं गरम पाणी घोटघोट. वीस मिनिटांनी बोटं लाल झाली आणि तो कळवळून रडायला लागला. त्या रडण्याने मला जितका धीर आला तितका क्वचितच कशाने आला असेल. पुढची वाट त्याला पाठुंगळी घेऊन उतरलो. तो सुखरूप आहे. पण ती चाळीस मिनिटं देणारा मी होतो, आणि त्या दिवसापासून माझी परत फिरायची वेळ कोणासाठीही हलत नाही.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. गारठलेल्या बोटांना बर्फ चोळायचा नाही, जोरात घासायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही. कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. अंगाची ऊब द्यायची. आणि गप्प होणं, अडखळणं, शब्द ओढत बोलणं, अवेळी झोप, यांतलं काहीही दिसलं की तो थकवा धरू नका. अंगाचं आतलं तापमान घसरायला लागल्याची ती खूण आहे. आधी कोरडे कपडे, वाऱ्याआड बसवणं, शुद्धीवर नीट गिळत असेल तर गरम गोड पाणी, आणि खाली. मदत लागली तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. गाइड स्थानिकच घ्या. अशा वेळी गावातून चार माणसं वर आणणारा तोच असतो.

एक वाजताची वेळ कशी आली, तेही सांगतो. जानेवारीच्या मध्यावर तिथे साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा पाऊण तास आधी. पण डोंगरात सूर्य मावळायच्या कितीतरी आधी धारेआड जातो, आणि ऊन गेलं की थंडी एकदम अंगावर येते. दुपारी मऊ झालेला बर्फ पुन्हा टणक होऊ लागतो, म्हणजे उतरण नेमकी निसरडी होते. सकाळी फार लवकर निघूनही उपयोग नाही, कारण रात्रीचा बर्फ काचेसारखा असतो. उन्हं वाटेवर आली की, साडेनऊच्या सुमारास निघा. मोठी माणसं दीड-दोन तासांत तळ्यावर जातात. तुम्ही तीन तास धरा. एक वाजता तळ्यावर असाल तर उत्तम, अर्ध्या वाटेवर असाल तर तेही उत्तम. ही वेळ आदल्या रात्री मुलांसमोर ठरवा आणि घड्याळ मुलीच्या हातात द्या. अकरा वर्षांच्या मुलीला ‘आज परत फिरायची वेळ तू सांगायची’ असं सांगून बघा. ती कोणालाही पाच मिनिटं जास्त देत नाही.

चालताना गाइड पुढे, त्याच्या मागे धाकटा, मग बाकीचे, शेवटी तुमच्यापैकी एक. वेग धाकट्याचा. चढताना बुटाचं टोक बर्फात रोवून पायरी करायची, उतरताना टाच आधी. टणक बर्फावर लांब ढांगा टाकायच्या नाहीत, पाऊल पूर्ण सपाट ठेवत तुरुतुरु जायचं. सावलीतल्या दगडांवर आणि डांबरी रस्त्यावर दिसेल-न दिसेल असा पातळ बर्फ असतो, त्याला तिकडे ‘पाला’ म्हणतात. सारीपर्यंत गाडी चालवायला तिथलाच ड्रायव्हर घ्या, त्याला कोणत्या वळणावर पाला असतो ते पाठ असतं. बुटांना खाली लावायचे दातेरी साखळ्यांचे स्पाइक्स मिळतात. मुलांच्या मापाचे तिथे मिळतीलच असं नाही, पुण्या-मुंबईतूनच बघून न्या. बूट घोट्याच्या वर येणारे आणि जाड मोजे घालून बोटं हलतील इतके सैल. घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. भाड्याचे रबरी गमबूट पाणी अडवतात, पण आत ऊब नसते आणि टणक बर्फावर घसरतात. रस्त्याकडेला तासभर खेळायला ठीक, तळ्याची वाट त्यांत नको.

तळ्यावर पोचलात की एक गोष्ट माझ्यासाठी करा. काठावर उभं राहून मुलांना सांगा की तळ्यावर पाय ठेवायचा नाही. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो, वर बर्फ भुरभुरतो आणि काठ कुठे संपला, पाणी कुठे सुरू झालं ते कळेनासं होतं. बर्फाची जाडी वरून दिसत नाही. काठाशी टणक असलेला थर दोन पावलांवर पापुद्र्याइतका असू शकतो. इतर माणसं त्यावर उभी राहून फोटो काढत असतील, मुलं विचारतील की ते कसे गेले. तरीही नाही. तसंच घसरगुंडी. मुलं घसरणारच, घसरू द्या, पण आधी तुम्ही खाली चालत जा आणि उतार जिथे संपतो तिथे उभे राहा. खाली झाड, दगड किंवा कडा नको, सपाट मैदान हवं.

हिमस्खलनाची भीती या वाटेवर फारशी नाही, झाडीतून जाणारी वाट आहे. पण जवळच्या चोपत्याहून तुंगनाथच्या देवळाकडे चला असं कोणीतरी सुचवेलच. तुंगनाथ ३,६८० मीटरवर, हिवाळ्यात देऊळ बंद असतं, देवाची डोली मक्कूमठला आलेली असते. वाट उघड्या तिरक्या उतारांवरून जाते, त्यावर टणक बर्फ साचतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उघड्या उतारावर ताजा बर्फ हा हिमस्खलनासाठीचा नेहमीचा मसाला. २८ फेब्रुवारी २०२५ ला शेजारच्या चमोली जिल्ह्यात, माणा गावाजवळ हिमस्खलनात रस्त्याच्या कामावरचे आठ कामगार गेले. ती रोज डोंगरात राबणारी माणसं होती. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तुंगनाथ मे महिन्यात करा. दुसऱ्या दिवशी हवंच असेल तर दुगलबिट्टाच्या पुढे, बर्फाने गाड्या बंद झालेल्या चोपता रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटर चालून परत या. रुंद रस्ता, सभोवती देवदार, आणि ताज्या बर्फावर ससा-कोल्ह्याच्या पावलांचे ठसे. धाकटा त्यांच्या मागे मागे आपणहून चालतो, त्याला ओढावं लागत नाही.

डोळ्यांचं बहुतेक जण विसरतात. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. त्याचा त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी, रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि मूल रडून हैराण होतं. खेळण्याच्या दुकानातला रंगीत चष्मा नको, चष्म्याच्या दुकानातून अतिनील किरण अडवणारा घ्या आणि मागे इलॅस्टिक लावा. ढगाळ दिवशीही घालायचा. सनस्क्रीन गालांना लावताना हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांखालीही लावा.

खाण्याचं आपल्याला काही शिकायला नको. जानेवारीत जाताय तर संक्रांतीचे तिळाचे लाडू, गुळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. थोडं थोडं, दर पाऊण तासाने, मागितलं नाही तरी. चॉकलेट दगडासारखं होतं, लहान तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. तहान थंडीत लागत नाही पण पाणी कमी पडतं; फ्लास्कमध्ये कोमट पाणी ठेवा. साधी बाटली असेल तर पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, झाकण खाली असलं की तोंड मोकळं राहतं. बर्फ खाऊ देऊ नका, तो वितळवायला अंगाचीच ऊब खर्च होते. गावात जेवणात गहतची डाळ मिळेल, म्हणजे आपला कुळीथच. धाकटा पहिल्या घासाला ओळखेल. आणि चढायला लागण्याआधी दोघांनाही शू करून आणा, लागली नसली तरी. चार थर काढायला लागणारा वेळ आणि सहा वर्षांच्या मुलाची घाई यांचा मेळ बसत नाही.

खोलीबद्दल एक सूचना आहे, ती मी प्रत्येक कुटुंबाला हात जोडून सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी, अंगीठी पेटती ठेवून झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात उत्तर भारतात अशी घरंच्या घरं जातात. घरमालक प्रेमाने शेगडी आणून देतो, नाही म्हणायला जड जातं. जेवेपर्यंत दार उघडं ठेवून शेका, झोपण्याआधी ती बाहेर अंगणात ठेवा. त्याऐवजी घरून गरम पाण्याच्या रबरी पिशव्या न्या, माणशी एक. झोपायच्या अर्धा तास आधी रजईत सरकवल्या की मुलं स्वतःहून अंथरुणात जातात. उद्याचे मोजे आणि थर्मल रजईतच ठेवा. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही रात्री उशाशी घ्या, थंडीत त्या लवकर दम तोडतात.

आता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बर्फच मिळाला नाही तर. मुलांना आधी सांगून ठेवा की आपण हिमालयात चालायला चाललोय, बर्फ असला तर बर्फातून. मग बर्फ नसलाच तर थोडं लवकर निघून तळ्यावर सकाळीच पोचायचा प्रयत्न करा. वारा सुटायच्या आधी पाणी स्थिर असतं आणि ७,१३८ मीटरचा चौखंबा त्यात उलटा उभा असतो. यक्षाने धर्मराजाला प्रश्न विचारले ते तळं हेच, असं गावकरी सांगतात. धाकट्याला ती गोष्ट तिथेच काठावर बसून सांगा. आणि वर चढताना वाटेच्या सावलीच्या बाजूला, ओलसर मातीत वाकून बघा. रात्री मातीतलं पाणी गोठून बोटभर उंचीच्या बर्फाच्या सुया उभ्या राहतात, डोक्यावर मातीचे कण उचललेल्या, शेकडोंनी. मुलाने त्यावर बूट ठेवला की भाजलेला पापड मोडल्यासारखा आवाज येतो. एका नगरच्या पोराने गेल्या हिवाळ्यात अख्खी वाट त्या सुया मोडत पार केली, आणि वर पोचल्यावर विचारलं, अजून वर कधी जायचं?